क्रेनचं डोकं

फुटबॉलचे सर गेल्याचा फोन आला तेव्हा क्रेन कामावर होती. समोरच्या साच्यावर मेणात अर्धे दात बसवून झाले होते. ते तसेच झाकून ठेवून ती निघाली.

क्रेन हे तिचं मैदानावर पडलेलं नाव. उंच आणि हाडापेराने दणकट. कॉर्नरचा चेंडू आला की बाकीच्या अजून मान वर करत असायच्या, तोवर ही हवेत. बचावफळीच्या मधोमध उभं राहायचं आणि वरून येईल तो चेंडू डोक्याने आल्या वाटेने परत पाठवायचा, हे तिचं काम. शाळा सुटल्यापासून लेक पोटात राहीपर्यंत तिने ते केलं. त्याला आता बरीच वर्षं झाली होती. सत्तेचाळीस वर्षांची क्रेन दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या आणि कॅप बनवायची. तिने बनवलेले दात लावून गावभर माणसं जेवत होती, आणि त्यातल्या एकालाही ती ओळखत नव्हती.

सरांच्या घरी दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. जुन्या टीममधल्या निम्म्या तरी जणी आल्या होत्या. काकू, म्हणजे सरांची बायको, सोफ्याच्या एका टोकाला बसल्या होत्या. सर शेवटची काही वर्षं कुणाला भेटत नव्हते. काकू कारण सांगायच्या नाहीत. ते आज त्यांनी सांगितलं.

"मला ओळखायचे नाहीत गं. तुमच्यापैकी कुणाचं नाव काढलं की नुसते हसायचे. डॉक्टर म्हणाले, एवढी वर्षं डोक्याने चेंडू मारलेत, त्याचंही असू शकतं. नक्की सांगता येणार नाही म्हणाले. पण असू शकतं."

क्रेनच्या शेजारी चिकट बसली होती. ती गोलकीपर, हाताला चेंडू चिकटायचा म्हणून चिकट. तिने क्रेनकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. काकूंच्या बोलण्यापेक्षा क्रेनला ती नजर जास्त टोचली.

घरी येताना बसमध्ये तिला सगळं आठवत राहिलं. सर गोलच्या आडव्या दांड्याला दोरीने चेंडू टांगायचे. क्लबकडे जुनेच चेंडू, भिजले की दगडासारखे जड व्हायचे. उडी, डोकं, उडी, डोकं. कधीकधी डोळ्यांपुढे ठिपके नाचायचे, कानात सूं व्हायचं. सर विचारायचे, "पुरे का?" आणि तीच म्हणायची, "सर, आणखी एक."

त्या दिवसापासून क्रेनच्या मागे लचांड लागलं. आधीही ती विसरायची, पण तेव्हा ते नुसतं विसरणं होतं. आता प्रत्येक चुकीवर तिचे कान टवकारायला लागले. "अगं, ते दे ना, ते... कापायचं," असं ती लेकीला म्हणाली, आणि लेकीने कात्री हातात दिल्यावर ती कात्रीकडे बघतच राहिली. कात्री! कात्री हा काय विसरायचा शब्द आहे? प्रयोगशाळेच्या मालकांना तिने एकदा भर कामात "आई" अशी हाक मारली. सगळे हसले, तीही हसली, आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभी राहिली.

मग ते दोन ट्रेचं झालं. एका आजोबांचा साचा आणि एका बाईंचा साचा, दोन्ही तिच्या टेबलावर होते. तिने आजोबांच्या जबड्यावर बाईंचे दात बसवले. बारीक, नीटस, मोत्यासारखे. कवळी दातांच्या डॉक्टरांकडे जायच्या आधी मालकांच्या लक्षात आलं म्हणून बरं.

"आजोबा हसले असते तर घरच्यांनी ओळखलं नसतं," मालक म्हणाले. "असू दे, होतं असं."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्याऐवजी त्या दिवसापासून ते तिचे ट्रे बाहेर जाण्याआधी गुपचूप उघडून बघायला लागले. तिला ते दिसायचं.

मोबाइलवर ती वाचायची. पूर्वी मोठमोठ्या क्लबांकडून खेळलेल्या म्हाताऱ्या खेळाडूंना हा विस्मरणाचा आजार इतरांपेक्षा जास्त होतो, बचावफळीतल्यांना त्याहून जास्त, असं कुठे कुठे लिहिलेलं असायचं. बायकांवर फारसा अभ्यासच झालेला नाही, असंही असायचं. एकेक वाचून तिची पाचावर धारण बसायची. नवऱ्याला सांगावं असं मनात यायचं, पण तो दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करून दमून यायचा. आणि सांगितलं की ते खरं होईल, अशीही एक भीती होती.

लेक पंधराची. लहानपणी इवलीशी होती म्हणून घरात तिचं नाव पिटुकली. आता ती आईच्या कानापर्यंत आली होती आणि आईच्याच जागी, बचावफळीच्या मधोमध, खेळत होती. सामन्याच्या आदल्या दिवशी तिच्या बुटांच्या नाड्या सोडवता सोडवता क्रेन एकदम म्हणाली, "उद्या डोक्याने चेंडू मारायचा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मारायचा नाही. पायाने खेळ."

"आई, मी स्टॉपर आहे. वरून आलेला चेंडू काय पायाने घेऊ?"

"मी सांगतेय ना!"

क्रेन एवढ्या जोरात ओरडत नसे. पिटुकलीने तिच्या हातातून बूट काढून घेतले. दुसऱ्या दिवशी उत्तरार्धात एक उंच चेंडू सरळ तिच्यावर आला. तिने उडी मारायला गुडघे वाकवले, बाहेर उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं आणि खाली वाकली. चेंडू तिच्या डोक्यावरून मागे गेला, मागे थांबलेल्या समोरच्या टीममधल्या मुलीने तो आरामात गोलमध्ये ढकलला. टीम सामना तिथेच हरली.

घरी आल्यावर लेकीने बॅग आपटली. "तुझ्यामुळे! सगळ्या मला विचारत होत्या, घाबरलीस का म्हणून. का नाही मारायचा ते तरी सांग!"

क्रेनने गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, आणि पातेल्यात काय घालायचं होतं तेच तिला आठवेना.

हे सगळं सासूबाई बघत होत्या. त्यांनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. कानाला हेडफोन लावून हजारो लोकांची बोलणी जोडून दिलेली बाई. आता सत्तरी ओलांडली तरी कान असे, की शेजारच्या घरात चमचा पडला तर कुठला पडला ते सांगतील. दोनच दिवसांनी, क्रेन आंघोळीहून बाहेर आली तर त्या दारातच उभ्या.

"आंघोळ करताना हजेरी कुणाची घेत होतीस?"

"कुठे काय, आई."

"ओळीने नावं घेतलीस. सातव्याला अडलीस. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. काल नऊपर्यंत गेली होतीस."

क्रेनचा चेहरा पडला. आपल्या पहिल्या टीमची अकरा नावं ती रोज म्हणून बघत होती. बादलीत पाणी सोडलं की बाहेर ऐकू जाणार नाही, असं तिला वाटलं होतं. ती ओल्या केसांनी तिथेच पलंगाच्या कडेला बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. सर, काकू, कात्री, आजोबांचे दात, सगळं. सासूबाईंनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. हे फार क्वचित व्हायचं.

"मग डॉक्टरकडे का गेली नाहीस?"

"तेच निघालं तर?"

"निघालं तर निघालं. आता काय, न निघता सुखात आहेस?" त्या म्हणाल्या. "एकदा सोक्षमोक्ष लावू. मी येते बरोबर. घरात सांगू, माझे गुडघे दाखवायचेत."

न्यूरॉलॉजिस्ट बाई वयाने लहान होत्या, पण घाई नव्हती त्यांना. त्यांनी क्रेनला खेळाबद्दल खूप विचारलं. किती वर्षं, कुठल्या जागी, कधी डोकं आपटून शुद्ध हरपली होती का, आपटल्यावर पुन्हा मैदानात गेलात का. मग त्यांनी पाच शब्द सांगितले, हे लक्षात ठेवा म्हणाल्या, आणि दुसरंच काहीतरी करायला लावलं. घड्याळ काढा, शंभरातून सात सात वजा करत जा. शेवटी विचारलं, "आता ते पाच शब्द सांगा."

"पूल," क्रेन म्हणाली. "साबण. कावळा..." आणि थांबली.

मागच्या खुर्चीवरून पुटपुटणं आलं, "खिडकी, लिंबू."

"आजी, परीक्षा तुमची नाहीये."

"मला कुठे विचारलंत? पण येतंय त्याला मी काय करू!"

डॉक्टरीणबाई हसल्या. मग क्रेनकडे बघून म्हणाल्या, "झोप कशी आहे? थकवा?"

"थकवा आहे. काम असतं ना."

"थंडी वाजते?"

"नाही, तशी..."

"नाही काय!" सासूबाई सरसावल्या. "भर उन्हाळ्यात पंखा लावू देत नाही. आम्ही शिजतोय आणि ही शाल घेऊन बसलीय. केसांचे पुंजके निघतायत मोरीत. आवाज ऐका तिचा, पूर्वी असा नव्हता, हल्ली घोगरा लागतो. जेवते चिमणीएवढं आणि ब्लाऊज सगळे घट्ट."

"आई!"

"बोलू द्या त्यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागदावर लिहायला लागल्या. मेंदूचा एमआरआय काढायचा होताच. त्याखाली त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहिल्या.

एमआरआयच्या नळकांड्यात क्रेन डोळे मिटून पडली. कुणीतरी पत्र्यावर हातोडे मारत असल्यासारखा आवाज चालू होता. आत्ता या क्षणी कुणीतरी माझ्या डोक्यात बघतंय, असं तिच्या मनात आलं. तिला सरांची आठवण झाली. त्यांच्यावर राग येत नव्हता, आणि त्याचंच तिला रडू येत होतं. त्यांनाही काही माहीत नव्हतं. त्यांनीही कुणालातरी "आणखी एक" म्हटलं असणार.

रिपोर्ट यायला काही दिवस लागणार होते. नवऱ्याने त्या संध्याकाळी जेवताना विचारलं, "आई, गुडघ्याचं काय म्हणाले?"

"झीज आहे म्हणाले," सासूबाई बिनदिक्कत म्हणाल्या, आणि पानावरून उठताना लंगडल्या. दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्याच पायाने लंगडत होत्या. नवरा एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघायचा आणि डबा घेऊन कामावर जायचा.

रिपोर्टच्या दिवशी दोघी पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसल्या. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्रं लावली. कुणाचंही असावं असं एक करडं, सुरकुतलेलं फळ.

"हा तुमचा मेंदू. मी दोनदा बघितला, आमच्या मोठ्या डॉक्टरांनाही दाखवला. वयाच्या मानाने छान आहे. झिजल्याची, मार बसल्याची कसलीही खूण यात दिसत नाही."

क्रेनला पटकन समजलंच नाही. "मग कात्री?" ती म्हणाली.

"कात्रीचं कारण इथे आहे." त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जवळजवळ संपावर गेलीय. ती मंदावली की सगळंच मंदावतं. थंडी, केस, वजन, आवाज. शब्द आठवत नाहीत, कामात चुका होतात. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. हळूहळू धुकं उतरेल. बऱ्याच आधी यायला हवं होतंत."

सासूबाईंनी मोठ्याने सुस्कारा सोडला. क्रेन मात्र तशीच बसून राहिली.

"म्हणजे डोक्याने मारल्याने काही होत नाही?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तसं मी म्हणणार नाही. काळजी करण्यासारखं आहे म्हणूनच लोक अभ्यास करतायत. वर्षानुवर्षं खूप खेळलेल्यांमध्ये असे आजार जास्त दिसतात, हे खरं. पण सगळ्यांना होत नाहीत. किती मारल्यावर होतात, कुणाला होतात, ते आज कुणालाच नीट सांगता येत नाही. तुम्हाला जो त्रास होतोय तो त्याचा नाही, एवढं मात्र मी सांगते. पुढच्या तीस वर्षांची हमी मी स्वतःचीही देऊ शकत नाही."

"माझी मुलगी खेळते. माझ्याच जागी."

"मग खेळू दे. पण सरावात डोक्यावर चेंडूंचा मारा नको. थोडं शिकायचं, नीट शिकायचं, बास. आणि डोक्याला लागलं, गरगरलं, तर तिथल्या तिथे बाहेर. सामना कितीही मोठा असो. यात तडजोड नाही."

दोघी बाहेर आल्या. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना क्रेन मधल्याच पायरीवर बसली. माणसं तिला वळसा घालून वर-खाली जात होती. आधी ती हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम सुरू झालं. इतके दिवस छातीवर कुणी बसलं होतं ते उठून गेलं होतं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते तिला तिथे, त्या जिन्यात कळलं.

"आता उठ," सासूबाई म्हणाल्या. "लोकांना वाटेल मीच छळते तुला."

"छळताच की."

"हं. धुकं उतरायला लागलं वाटतं."

समोरच्या कोपऱ्यावर उभं राहून दोघींनी चहा घेतला. मग आणखी एकेक घेतला.

नवऱ्याला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. तो हातातला पाना पुसत होता. शेवटपर्यंत पुसतच राहिला.

"म्हणजे आईचे गुडघे ठीक आहेत."

"हो."

"मला वाटलंच होतं. रोज पाय बदलत होती." त्याने पाना खाली ठेवला. "पण एवढे दिवस तू हे एकटीने वाहिलंस? मी काय फक्त लिफ्ट अडकली तरच कामाचा?"

"तुम्हाला कशाला घोर लावायचा, म्हणून..."

"घोर लागला तर लागू दे. तो माझाही आहे." मग त्याने गोळ्यांची बाटली उचलली, डोळ्यांजवळ धरून वाचली आणि न विचारता तिच्या उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ नेऊन ठेवली.

लेकीला सांगणं अवघड गेलं, कारण तिची माफीही मागायची होती. पिटुकलीने सगळं ऐकून घेतलं. "हे आधीच सांगायचं ना गं," ती म्हणाली. "मी वाकले नसते, पण भांडलेही नसते." मग जवळ येऊन तिने आईच्या कपाळावर हात ठेवला, तापाला बघतात तसा, आणि बराच वेळ काढला नाही.

त्यानंतरच्या रविवारी क्रेन काकूंकडे गेली. काकूंनी दार उघडलं आणि तिला बघून त्यांचा चेहरा उतरला. क्रेनने चप्पल काढता काढताच सांगितलं, "काकू, मी बरी आहे. तपासून आले. थायरॉइड निघालं."

काकू खाली बसल्या. "त्या दिवशी बोलून गेले आणि मग झोप नाही गं मला. वाटलं, ह्यांनी तुम्हा पोरींनाही... ह्यांनीच तर शिकवलं सगळ्यांना. कुणाला फोन करायची हिंमत होईना."

"मीच म्हणायचे आणखी एक, काकू. ते तर पुरे का विचारायचे."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. नंतर दोघींनी चिकटला फोन लावला. चिकट फोनवर इतकी जोरात ओरडली की क्रेनला मोबाइल कानापासून लांब धरावा लागला. मग चिकटच म्हणाली, आपण सगळ्यांनीच एकदा जाऊन तपासून यायला काय हरकत आहे, आणि काकूंनी, पहिल्यांदाच हसून, तिला हो म्हटलं.

पिटुकलीच्या कोचला समजावणं मात्र सोपं गेलं नाही. तरुण होता, जिद्दीचा होता. "ताई, मग मी पोरींना शिकवू काय?" त्याने विचारलं. तेव्हा क्रेनने बूट घालून त्याला दाखवलं. चेंडू उडायच्या आधी तो कुठे पडणार ते कसं ओळखायचं, दोन पावलं आधी निघालं की छातीवर कसा घेता येतो, मारायचाच तर मान कशी ताठ ठेवायची. सराव हलक्या, मऊ चेंडूने, तोही मोजकाच. चार उड्यांत तिला दम लागला, पण पोरी तोंड उघडं टाकून बघत होत्या. कोचने दोन दिवस विचार केला आणि मानलं. त्यानेही दांड्याला चेंडू टांगला होता, तो उतरवला.

गोळीने एका दिवसात जादू केली नाही. आधी पंखा सुरू झाला. मग आवाज मोकळा झाला. मालकांनी ट्रे उघडून बघणं कधी थांबवलं ते तिच्या उशिराच लक्षात आलं. एकदा तिने सासूबाईंशी भाजीत मीठ किती यावरून असं काही भांडण केलं, की मधे एकाही शब्दासाठी अडली नाही. भांडण संपल्यावर सासूबाई समाधानाने पंख्याखाली जाऊन बसल्या.

मोसमातला शेवटचा सामना सगळ्या घराने बघितला. नवऱ्याने सुट्टी काढली होती. उंच चेंडू बरेच आले. बहुतेक पिटुकलीने छातीवर घेतले, काही पुढे धावून पायाने उडवले. एक मात्र गोलच्या तोंडाशी आला, आणि ती उडाली. ठप्प आवाज झाला. नवऱ्याने क्रेनचा हात घट्ट धरला. चेंडू बाहेर गेला. पिटुकली पायांवर उतरली, केस मागे सारले, आईकडे न बघता मागच्या मुलींना जागा घ्यायला ओरडायला लागली.

सामना बरोबरीत सुटला. परत येताना सासूबाई म्हणत होत्या की रेफरी आंधळा होता, नवरा म्हणत होता की भूक लागलीय, आणि पिटुकलीचं एकच चालू होतं, की नवे बूट घ्यायलाच हवेत, अंगठा बाहेर यायला लागलाय. क्रेन तिघांच्या मागून चालत होती. अंगावरची शाल काढून तिने खांद्यावर टाकली आणि पावलं उचलली.